लाँड्रीची बिनसांध्याची फरशी

४ फेब्रुवारी

अक्का,

आधी माफी, मग नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज लिहायला बसलो आहे. रोज सकाळी वाटायचं, आज लिहू. रोज संध्याकाळी वाटायचं, एवढा उशीर झालाच आहे तर आणखी एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे. फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडलो की शेजारचे विचारायला येतात, कोण गेलं.

खोलीला रंग दिलास, खिडकीला नवी कडी लावलीस, कॉट आणलीस, सगळं वाचलं. वाचून डोळे भरले. कायमचं तुझ्याकडे राहायला येतो असं मीच म्हटलं होतं. जानेवारी लागला की येतो, हेही मीच. आपण दोघंच उरलो, तर दोन घरांत दोन दिवे कशाला, हे तुझं म्हणणं मला पटलेलं आहे. मी शब्दाला जागणार आहे. फक्त मध्ये एक फरशी आली.

तुझ्या भाचीने आता इपॉक्सीच्या फरशांचं काम धरलं आहे. इपॉक्सी म्हणजे लादी नव्हे. दोन डब्यांतली दोन द्रव्यं एकत्र घोटायची आणि जमिनीवर ओतायची. ती आपोआप सपाट होतात आणि दगडासारखी घट्ट बसतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसंध, सांधा म्हणून नाही. मी चाळीस वर्षं मोझॅकचे सांधे घासले, आणि आता लोकांना सांधाच नको.

हे काम एका लाँड्रीचं आहे. तिथे हॉस्पिटलच्या चादरी धुतात. लाद्यांच्या सांध्यांत साबणाचं पाणी मुरून वास यायला लागला, म्हणून बिनसांध्याची फरशी हवी. जुन्या लाद्या उचकटल्या, खाली काँक्रीट लागलं. पोरगी म्हणाली, बाबा, सुकं आहे. मला काही खरं वाटेना. तीस वर्षं जिथे धुणं झालं ती जमीन सुकी कशी असेल? मी हातभर प्लास्टिक घेतलं, जमिनीवर अंथरलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली आणि म्हटलं, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी उघडलं तर आतल्या बाजूने घाम. थेंबच्या थेंब. अशा ओल्या जमिनीवर इपॉक्सी ओतली तर ती धरत नाही, फोड येतात आणि महिन्याभरात सालपटासारखी निघते. पोरीचं नाव गेलं असतं.

लाँड्रीच्या मालकीणबाई फार कटकटी आहेत. हाताची घडी घालून दारात उभ्या राहतात आणि प्रत्येक गोष्टीचं कारण विचारतात. प्लास्टिक कशाला, चिकटपट्टी कशाला. मी सांगितलं, जमिनीला घाम येतो का ते बघायचंय. तर त्या म्हणाल्या, "मला वाटलं घाम फक्त तुम्हालाच येतो, मिस्त्री." मला खरोखरच आला होता. बाईंसमोर मला येतोच. त्यांची पन्नाशी केव्हाच उलटली आहे, यजमान जाऊन पंधरा वर्षं झाली, तीन बायका हाताखाली आहेत आणि आवाज असा की धुण्याचं यंत्र चालू असलं तरी ऐकू येतो.

आता मोठे पंखे लावले आहेत. रोज प्लास्टिक लावायचं, रोज उघडायचं. पोरगी म्हणते, मी बघते, तुम्ही घरी बसा. पण तिला घाम वाचता येत नाही, म्हणून मला जावं लागतं. आठ-दहा दिवस लागतील. फेब्रुवारी संपायच्या आत येतोच. रागावू नकोस.

बाई मला मिस्त्री म्हणतात हे वर आलंच आहे. इतकी वर्षं सगळे म्हणत आले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

तुझा
धाकटा


११ फेब्रुवारी

धाकल्या,

चार पानी पत्र मिळालं. मी एकच विचारलं होतं, कोणत्या दिवशी येतोस. चार पानं उलटीसुलटी केली, दिवस काही सापडला नाही. नमनालाच घडाभर तेल आणि नाटकाचा पत्ता नाही. कळलं ते एवढंच, की जमिनीला घाम येतो आणि एक बाई कटकटी आहे. ती बाई हाताची घडी घालून तुझ्या पत्रात सगळीकडे उभी आहे. मी पहिल्या पानावर जरा दिसते, मग नाहीच.

पण मी तुला ओळखते, मला न लिहिलेलंही वाचता येतं. लेक तुला राबवते आहे आणि ती बाई छळते आहे. तू पहिल्यापासून भिडस्त. शाळेत दुसऱ्याच्या चुकीसाठी अंगठे धरून उभा राहायचास आणि घरी येऊन सांगायचास, आज वर्गात गंमत झाली. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे टेकून चिकटपट्ट्या मारायच्या, हे काय वय आहे? त्या बाईला म्हणावं, घाम मोजायला दुसरा गडी बघ. तुला तोंड नसेल तर मी लिहिते, तिचा पत्ता धाड. भाचीला तर मी लिहिणारच आहे. बापाला असं वापरतात का?

कॉटवर मी सध्या वर्तमानपत्रं ठेवते, रिकामी बघवत नाही. रोज संध्याकाळी उचलून बाजूला करते. तू न कळवता येशील, तुझा काय नेम.

दिवस कळव. महिना नको, दिवस.

अक्का


२२ फेब्रुवारी

अक्का,

हात जोडतो, भाचीला काही लिहू नकोस. ती मला राबवत नाही. उलट सकाळी मी निघालो की ती दारात आडवी उभी राहते. आणि बाईंनाही लिहू नकोस. त्या छळत नाहीत. कटकटी हा शब्द मी घाईत लिहिला होता, तो मनातून खोडून टाक.

जमीन सुकली. परवा प्लास्टिक उघडलं, कोरडं ठणठणीत. बाई म्हणाल्या, अभिनंदन. मला आनंद व्हायला हवा होता. झालाच असणार.

त्याआधी घासणी झाली. हिऱ्याच्या दातांची मशीन जमिनीवर फिरवून वरची साय काढायची असते, म्हणजे इपॉक्सीला पकड मिळते. मशीनला धूळ ओढणारी नळी लावतात, तरी धूळ उडतेच. बाई तोंडाला फडकं बांधून चहा घेऊन आल्या. फक्त डोळे दिसत होते. त्या काय बोलल्या ते मशीनच्या आवाजात मला कळलं नाही, मी मान डोलवली. मशीन थांबल्यावर कळलं की त्यांनी विचारलं होतं, आमच्यासारखं चोख काम कुठे बघितलंय का, आणि मी मान डोलवून हो म्हणून बसलो होतो. त्यावर त्या दिवसभर फुगून होत्या. बिस्किटं आली नाहीत.

मग भेगा उकरून भरल्या. भिंत आणि जमीन जिथे भेटते तिथे कोन ठेवायचा नाही, गोलाई करून फरशी वीतभर भिंतीवर चढवायची, म्हणजे कोपऱ्यात पाणी साचत नाही. हे सगळं पोरीच्या कारागिरांनी नीट केलं. मी नुसता पाठीमागे उभं राहून काळजी करत होतो.

आणि खरी काळजी पुढेच होती. चादरी मऊ करायला एक बुळबुळीत औषध घालतात, ते वर्षानुवर्षं जमिनीत जिरलेलं. त्याचा डाग राहिला तर इपॉक्सी तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे धरते. मी म्हणालो, जमीन स्वच्छ नाही. बाई अशा उसळल्या म्हणून सांगू. "मिस्त्री, माझ्याकडे हॉस्पिटलच्या चादरी धुतात, आणि माझी जमीन अस्वच्छ?" मी ओंजळीत पाणी घेतलं आणि जमिनीवर थेंब शिंपडले. जमीन स्वच्छ असेल तर थेंब पिऊन टाकते. यंत्राजवळचे थेंब गोळ्यांसारखे उभेच्या उभे राहिले. बाईंनी एकदा थेंबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पदर खोचला आणि घासायचा ब्रश हातात घेऊन गुडघ्यांवर बसल्या. मालकीण खाली बसली तर मी कसा उभा राहणार? तीनदा धुतली आम्ही ती जमीन, त्या इकडून आणि मी तिकडून. तिसऱ्या वेळेला थेंब टाकला, चटकन जिरला. बाई इतक्या हसल्या की साबणाच्या पाण्यात बसकण मारली.

फरशीला रंग हिरवा. मी राखाडी सुचवला होता. त्या म्हणाल्या, तीस वर्षं पांढऱ्या चादरी बघतेय, पायाखाली तरी काहीतरी उगवू दे.

ओल्या फरशीवर चालायला खिळ्यांचे जोडे असतात, खिळ्याची भोकं मागच्या मागे बुजून जातात. बाईंनी ते घालून बघितले आणि बगळ्यासारख्या एकेक पाय उचलत सबंध लाँड्रीभर फिरल्या. तोल जातो म्हणून माझ्या खांद्याला धरलं होतं. दोन फेऱ्या झाल्या. एका फेरीत भागलं असतं.

चोवीस तारखेला ओतायचं आहे. मग सात दिवस पक्की व्हायला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो.

तुझा
धाकटा


२ मार्च

धाकल्या,

उशीर झाला तुला. भाचीला मी अकरा तारखेलाच लिहिलं होतं आणि तिचं उत्तर काल आलं. शब्दशः उतरवते. "आत्या, बाबांना मी कामाला लावलेलं नाही. ते आपणहून जातात. हल्ली रोज दाढी करतात. चोवीस तारखेला ते दिवसभर लाँड्रीत अडकून पडले होते, त्याबद्दल त्यांनाच विचारा. मी विचारलं तर ते उठून फरशी बघायला जातात."

रोज दाढी. माझ्या सासरच्या कार्याला तू चार दिवसांची दाढी वाढवून आला होतास, आणि मी बोलले तर म्हणालास, तोंड मला कुठे दिसतंय.

मी मूर्ख. मला वाटलं तुला कोणी छळतंय. माझं वय झालं खरं.

चोवीस तारखेला काय झालं ते सरळ सांग. फरशी बाजूला ठेव. मला घाम, गोलाई आणि माशाचे डोळे काही नकोत. आणि मला बरं वाटेल असं लिहू नकोस, खरं लिही.

अक्का


७ मार्च

अक्का,

फरशी बाजूला ठेव म्हणतेस, पण फरशीशिवाय ते सांगताच येत नाही, त्याला मी काय करू.

सकाळी आठला ओतायचं होतं. त्याआधी मी दोन गोष्टी केल्या, दोन्ही काळजीपोटी. लाँड्रीच्या मागे इस्त्रीची खोली आहे. तिचं एक दार मागच्या गल्लीत उघडतं. तिथून मांजर नाहीतर गिऱ्हाईक शिरू नये म्हणून मी त्या दाराला बाहेरून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि गल्लीतून वळसा घालून पुढच्या दाराने आत आलो. दुसरी गोष्ट, दोघा कारागिरांना बजावलं, की दोन डबे घोटले की पंचवीस मिनिटांत माल पसरला पाहिजे, नाहीतर तो बादलीतच तापून दगड होतो. तेव्हा कोणी कितीही हाका मारो, मान वर करायची नाही.

मग मला शंका आली, मागच्या दाराच्या फटीला आतून चिकटपट्टी नीट लागली आहे ना. म्हणून इस्त्रीच्या खोलीत गेलो. बाई पाठोपाठ आल्या. त्यांना खिडकी उघडी हवी होती, वास बाहेर जायला. मला बंद हवी होती, धूळ नको म्हणून. त्यावरून आमचं जुंपलं. चांगलं रंगात आलं होतं. आणि वळून बघतो तर उंबऱ्यापासून पुढे सगळं हिरवं.

ओतायला सुरुवात आतल्या टोकाकडून करतात आणि पुढच्या दाराकडे सरकत जातात. मीच शिकवलेलं. मी हाक मारली. उंच कारागीर पसरवत राहिला. पुन्हा मारली, जोराने. तेव्हा बुटका त्याला म्हणाला, "मान वर करू नको, म्हातारा परीक्षा घेतोय."

पोरीच्या लक्षात येईपर्यंत अर्धा तास गेला. माझे खिळ्यांचे जोडे पुढच्या दारात, आणि आता माल आळत आलेला. पाऊल टाकलं असतं तर कायमचं उमटलं असतं. पोरगी धावत वळसा घालून मागच्या गल्लीत आली आणि खिडकीच्या गजांतून म्हणाली, "बाबा, कुलपाची किल्ली कुठे आहे?"

इथे मी थांबून पाणी प्यायलो, अक्का. आता लिहितो.

मी म्हणालो, हरवली.

किल्ली माझ्या उजव्या खिशात होती. मला ती टोचत होती. मी जन्मात लेकीशी खोटं बोललो नव्हतो, आणि ते इतकं सहज निघालं की मीच दचकलो. ती म्हणाली, हातोडा आणते, कुलूप फोडते. मी म्हणालो, दणका बसला की छताची धूळ ओल्या फरशीवर पडेल, सगळी मेहनत वाया. हे मात्र खरं होतं. ती कपाळाला हात लावून उभी राहिली. तेव्हा बाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "जा गं तू. माझ्या नव्वद चादरी घडी करायच्या पडल्यात, आयता माणूस मिळालाय."

खोलीला लागून न्हाणीघर आहे, त्यामुळे अब्रू शाबूत राहिली. समोरच्या शिंप्याने गजांतून चहा आणि पाव दिला, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला बोलावून आम्हाला दाखवलंही.

चादरीची घडी एका माणसाला येत नाही, हे मला माहीत नव्हतं. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, आणि मग टोकाला टोक जुळवायला एकमेकांकडे चालत जायचं. तिच्या हातात कोपरे द्यायचे, मागे जायचं, खालची घडी उचलायची, पुन्हा चालत यायचं. अशा नव्वद. पहिल्या दहा चादरींना माझी मान खाली होती. तिसाव्या चादरीला तिने सांगितलं की यजमान गेल्यावर ती पहिल्यांदा रडली ती एकटीला मोठी चादर घडी करता आली नाही तेव्हा. मी आमच्या हिच्याबद्दल सांगितलं. ती गेल्यापासून नऊ वर्षांत कोणाशी बोललो नव्हतो तेवढं बोललो. पन्नासाव्या चादरीपर्यंत तिच्या डाव्या भुवईजवळचा तीळ मला पाठ झाला होता. साठाव्या चादरीनंतर मी कोपरे मुद्दाम चुकवायला लागलो, म्हणजे घडी मोडून पुन्हा करावी लागेल. ती म्हणाली, मिस्त्री, फरशीत तुमचा एक सूत फरक पडत नाही आणि चादरीत हे काय चाललंय?

सहा वाजता शेवटची घडी झाली. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या आता किल्ली. मला घरचा चहा हवाय." मी म्हटलं, कोणती किल्ली. ती म्हणाली, "उजव्या खिशातली. सकाळी लेकीशी बोलताना खिसा घट्ट धरला होतात."

म्हणजे तिला दिवसभर माहीत होतं, अक्का. आणि ती दिवसभर गप्प होती. शिंप्याने गजांतून किल्ली घेऊन कुलूप उघडलं आणि टाळ्या वाजवल्या. मी या गोष्टीचा अर्थ अकरा दिवस लावतो आहे. कधी वाटतं, चादरींना माणूस हवा होता म्हणून गप्प राहिली असेल. असंही असेल ना? तुला काय वाटतं?

फरशी अशी झाली आहे की हिरवं तळं. मी रोज जाऊन बघतो, कुठे फोड आलाय का. एकही फोड येत नाही. माझ्या आयुष्यात चांगल्या कामाचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तू म्हणालीस खरं लिही, म्हणून लिहितो. मला इथून हलावंसं वाटत नाही. तिला मी काही विचारलेलं नाही. पण तुला शब्द दिला आहे, आणि तू खोली रंगवून बसली आहेस. तू ये म्हणालीस तर सोमवारी निघतो, तोंड वाकडं करणार नाही. तूच ठरव.

तुझा
धाकटा


१४ मार्च

धाकल्या,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा इतकी हसले की वरच्या मजल्यावरची बघायला खाली आली. तिला वाटलं मला काहीतरी झालं. तिलाही वाचून दाखवलं. तीही हसली, माझ्या कॉटवर बसून. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा रडले. खोटं कशाला लिहू. तिसऱ्यांदा फक्त चादरींचा भाग वाचला.

उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तुझे तर गुडघेही धड नाहीत. कुठे बांधणार आहेस?

आणि मी काय ठरवू? शाळा सोडायची ते बाबांनी ठरवलं. मोझॅकच्या कामाला जायचं ते काकांनी. लग्न आईने. माझ्याकडे यायचं तेही मीच, तू नुसतं बरं म्हणालास. आता हीसुद्धा गोष्ट माझ्याच गळ्यात घालतोस? अडुसष्ट वर्षांत तू आपणहून काय केलंस, तर एक किल्ली लपवलीस. तेवढी अक्कल आली आहे तर थोडी आणखी वापर.

माझं म्हणशील तर मला तू इथे हवा होतास. दिवसभर घरात कोणाशी बोलणं नसतं, संध्याकाळी भाजीवाल्याशी बोलायला जाते तर आवाज चिरका निघतो. पण इथे येऊन खिडकीशी बसून तू कोणाच्या तरी फरशीला फोड आला का म्हणून झुरणार असशील, तर तसला धाकटा मला नको. उगाच माझी कॉट अडवशील.

तिला विचार. नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी निघून ये, मी एक शब्द बोलणार नाही. हो म्हणाली तर माझं काय, ते मला अजून सुचलेलं नाही. सुचेल तेव्हा सुचेल.

आणि ती चादरींसाठी गप्प राहिली नव्हती. गाढवा.

अक्का


२३ मार्च

अक्का,

विचारलं.

पाच दिवस हिंमत गोळा करण्यात गेले. रोज नाणं घेऊन जायचो आणि फरशी ठोकून बघायचो, कुठे पोकळ वाजते का. लाँड्री आता चालू झाली आहे, त्या तीन बायका माझ्याकडे बघून चादरीत तोंड खुपसतात. पाचव्या दिवशी मी कोपऱ्यातली गोलाई ठोकत होतो, तर बाई मागून म्हणाली, "मिस्त्री, फरशीशी बोलून झालं असेल तर माणसांशी बोला."

मला उठता येईना. गुडघा धरला होता. म्हणून तिथेच गुडघ्यावर बसून बोललो. काय बोलायचं ते घरी नीट पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. तोंडातून निघालं ते असं: "मला अक्काकडे जायचं नाही. म्हणजे जायचं आहे. पण तुम्ही इथे आणि मी तिथे असं नको." तिन्ही बायकांनी यंत्रं बंद केली. इतकी शांतता त्या लाँड्रीत तीस वर्षांत झाली नसेल.

ती उशांच्या खोळी मोजत होती, मोजतच राहिली. मग म्हणाली, तुमची अक्का काय म्हणते? मला सांगता येईना, म्हणून खिशातून तुझी तिन्ही पत्रं काढून दिली. चुकलं का गं? तिने चष्मा लावला आणि काउंटरवर बसून सगळी वाचली. कटकटी या शब्दाशी थांबून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, संपलं. गाढवा म्हटलंयस तिथे मोठ्याने हसली आणि त्या तिघींना वाचून दाखवलं. वर्तमानपत्रं रोज संध्याकाळी उचलतेस ते वाचून चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसली.

मग माझ्या हाताला धरून मला उठवलं. म्हणाली, "ज्या बाईने तुमच्यासाठी खोली रंगवून ठेवली तिला मी पत्रातून काही कळवणार नाही. लोक सून बघायला जातात, मी नणंद बघायला जाते. त्यांना बघितल्याशिवाय माझं हो नाही आणि नाहीही नाही."

मी म्हटलं, आणि अक्काला तुम्ही पसंत पडला नाहीत तर? म्हणाली, ते आमचं आम्ही बघू, तुम्ही मध्ये पडू नका. तिचं म्हणणं असं, की काउंटरवर बसून गिऱ्हाइकांशी दिवसभर बोलायला एक माणूस तिला हवंच आहे, आवाज चिरका असला तर उत्तम, गिऱ्हाईक वेळेवर येतं. वर दोन खोल्या रिकाम्या आहेत. पण हे तिने तुला समोर बसून विचारायचं ठरवलं आहे, आणि मी आधी सांगितलं असं कळलं तर माझी धडगत नाही. तेव्हा विचारल्यावर नवल वाटल्यासारखं कर. आणि लगेच नाही म्हणू नकोस. हो म्हण असंही मी म्हणत नाही. तूच ठरव, म्हणजे या वेळी खरंच तूच.

शनिवारच्या गाडीने निघायचं ती म्हणते. चार दिवस लाँड्री त्या तिघींवर सोडणार आहे, आणि फरशीवर तुझ्या भाचीला नजर ठेवायला सांगितलं आहे. पोरगी म्हणाली, बाबा, एकदाचे जा, मला माझं काम करू द्या.

मला मात्र धास्तीने अन्न जात नाही. गाडी चुकली तर? तुझी तब्येत बरी आहे ना? गुडघ्याला बाशिंग वगैरे तिच्यासमोर बोलू नकोस, तिने ते वाचलं आहे आणि दिवसातून दोनदा म्हणते. तू नको येऊस म्हणालीस तर मी तिला काय सांगू, हे मी चार प्रकारे लिहून बघितलं आणि चारही फाडले.

काल संध्याकाळी तिची बॅग भरलेली बघितली. तळाशी तिची लुगडी, मध्ये तुझ्यासाठी साबणाच्या वड्या, आणि सगळ्यांत वर माझे दोन सदरे, कडक इस्त्री करून, घडी करून. मी दिले नव्हते. पोरीकडून मागवून घेतलेले दिसतात. अजून हो म्हणालेली नाही.

अक्का, हे पत्र मिळताच एक ओळ लिही. शनिवारच्या आत मला कळलं पाहिजे. लवकर कळव गं.

तुझा
धाकटा